चोचीतला चतुर

उगादीला, म्हणजे इथल्या पाडव्याला, आठवडा उलटला की आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीत कडुनिंबाचा फुलोरा गळतो. बारीक, पांढरट, चुरमुऱ्याच्या चुऱ्यासारखा. तो स्कूटरच्या सीटवर पडतो, गच्चीत वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पडतो, समोरच्या अंकलच्या टकलावर पडतो आणि त्यांना पत्ता नसतो. कुलरमधलं गेल्या वर्षीचं गवत उपसून लोक कोपऱ्यावर टाकतात, त्याला कुजका पण ओळखीचा वास येतो. दुपारी बारानंतर गल्ली गप्प होते. या दिवसांची मी पूर्वी वाट बघायचे. यंदा ते आले तेव्हा मला नुसता थकवा आला. झोपून जातो त्यातला नव्हे.

मला ठाऊक होतं, मिलिंददादाचा मेसेज येणार. आलाच. ‘राघू खायला घेऊन येतायत, म्हणजे पिल्लं आहेत. यंदा काठी फार सुंदर मिळालीय. रविवारी लावू या?’ खाली काठीचा फोटो. बोरीची, किंचित वाकडी, टोकाला दोन काटे.

मी फोन पालथा घातला.

शहराच्या पश्चिमेला एक तलाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक येतात, एवढं शहाणपण गेल्या वर्षानं शिकवलं. तलावाच्या एका बाजूला मातीचा उभा काठ आहे, माणसाच्या छातीएवढा, आणि त्याच्या पोटात वेडे राघू बिळं करतात. चिमणीहून थोडा मोठा, हिरवागार पक्षी, गळ्यात काळी रेघ, शेपटीतून सुईसारखी दोन पिसं बाहेर. उडता उडता माशी, मधमाशी, चतुर पकडतो, तारेवर बसून आपटतो आणि मग हातभर खोल बिळात पिल्लांना नेऊन देतो. माती उकरून घर करणारा इतका नाजूक जीव मी दुसरा पाहिलेला नाही. चोच पाहिली तर वाटतं, ही लिहायला दिली असावी, खणायला नव्हे.

आता हे वाक्य मी पूर्वी लिहिलं असतं तर शेवटी उद्गारचिन्ह टाकलं असतं. मी पत्रकांवर वाढले. बाबा बँकेत कारकून होते आणि बँक सुटल्यावर पत्रकं काढायचे. नळाला गढूळ पाणी आलं, पत्रक. वाचनालयाला कुलूप लागलं, पत्रक. गौलीगुड्याच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, शाई ओली असायची, आणि आई, मी, बाबा फरशीवर मांडी घालून तीन घड्या घालायचो. घडीवरून स्टीलच्या वाटीचा काठ फिरवायचा, म्हणजे ती बसते. नारायणगुड्याच्या माझ्या शाळेत मराठी नव्हतं. मला अक्षरं लागली ती पत्रकांवर, त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मी ‘जागे व्हा’ वाचलं. उद्गारचिन्ह हे मला कित्येक वर्षं बाराखडीतलंच एक अक्षर वाटायचं.

तेव्हा गेल्या वर्षी त्या तलावाचं सुशोभीकरण होणार असं कळलं, मातीचा काठ कापून दगड बसवणार, वर फिरायला फरसबंदी, मध्ये सिमेंटचे दोन राजहंस, तेव्हा मी काय केलं असेल हे सांगायला नको. तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत पत्रक काढलं आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटेत उभी राहिले. लोक चांगले होते. घ्यायचे. चार पावलांवर जाऊन त्यानं हात पुसायचे, बंडीवरची, म्हणजे हातगाडीवरची, इडली त्यावर ठेवून खायचे. एक गृहस्थ थांबून म्हणाले, “फोटो डालो मॅडम. आजकल पढ़ता कौन है?”

म्हणून मी मिलिंददादाला बोलावलं.

मिलिंददादा पुण्याचा. नोकरीनं इकडे आला आणि इथलाच झाला, फक्त माझ्या मराठीला हसायचं त्यानं सोडलं नाही. “तुझं निम्मं मराठी बंडीवरचं,” म्हणतो. आठवडाभर तो कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी पहाटे हातभर लांबीची लेन्स घेऊन बाहेर पडतो. त्याच्या गाडीच्या डिकीत काठ्या असतात. बोरीच्या, बाभळीच्या, शेवाळ धरलेल्या, वेल गुंडाळलेल्या. एकेक निवडून, सुकवून, जुन्या चादरीत बांधलेली. पक्षी टिपणाऱ्यांच्यात ही रीतच आहे. घरट्याजवळ चांगलीशी काठी रोवायची, म्हणजे पक्षी आत जायच्या आधी तिच्यावर टेकतो आणि फोटो देखणा येतो.

“काठी कशाला?” मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“अगं, तो तारेवर बसतो. तारेवरचा पक्षी बघून कुणाला कळवळा येणार? बोरीची फांदी आली की निसर्ग वाटतो.”

मी हसले. ज्या मुलीनं लग्नाच्या पत्रिकेतल्या ‘आपले विनीत’वरही वाद घातला होता, तिनं त्या काठीवर एक शब्द काढला नाही. कारण काठी माझ्या बाजूची होती.

त्यानं ती बिळापासून दोन हातांवर रोवली. आम्ही दहा पावलांवर गवतात बसलो. पाण्याला शेवाळाचा वास होता, मागच्या काळ्या खडकांना अजून रात्रीचा गारवा होता. आणि ती आली, राघूची मादी. चोचीत चतुर, ज्याला आम्ही लहानपणी हेलिकॉप्टर म्हणायचो तो किडा, त्याच्या पंखांच्या जाळीत ऊन अडकलेलं. काठीवर बसली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. उडाली, एक गिरकी घेतली, परत येऊन बसली. कॅमेऱ्याचा आवाज कापड टराटरा फाडल्यासारखा चालला होता.

“काय पोज देतेय! मॉडेल आहे, मॉडेल!” मिलिंददादा कुजबुजला. “हां बेटा, जरा इकडे. डोळ्यात चमक आली पाहिजे. आली! रेवती, तुझं काम झालं.”

माझं काम झालंच. तो फोटो मी पत्रकावर अर्ध्या पानात छापला. त्या पत्रकानं कुणी हात पुसले नाहीत. चहावाल्यानं ते काचेला आतून चिकटवलं. एका मुलीनं माझ्याकडून दोन मागून घेतली, एक वहीला लावायला आणि एक मैत्रिणीला. ज्यांनी माझे तीन भाषांतले मुद्दे वाचले नव्हते, त्यांनी त्या लाल डोळ्यात बघून सह्या केल्या. काम ‘पुढील आदेशापर्यंत’ थांबलं. घरी बाबांनी पत्रक हातात धरून लांब, जवळ करून पाहिलं आणि म्हणाले, “हे काय, यात तर वाचायला काही उरलंच नाही.” पण खूश होते.

फोटो मिलिंददादाच्या ग्रुपवरही गेला होता. पुढच्या रविवारी तिथं सहाजण होते, त्याच्या पुढच्या रविवारी बारा-चौदा, घडीची स्टुलं घेऊन. माणसं वाईट नव्हती. एकमेकांना थर्मासमधला चहा देत होती, हळू बोला म्हणत होती. एकानं बिळासमोरचं गवत मध्ये येतं म्हणून दोन मुठी उपटलं. दुसरा म्हणाला, “मागचं हिरवं कसं लोण्यासारखं आलंय बघा.” पिसं मोजता येतात का, लेन्स कुठली, मागचा रंग कसा, एवढंच बोलणं. मी मध्ये उभी राहून त्यांना पत्रकं वाटत होते.

चौथ्या रविवारी मिलिंददादाला ऑफिसचं काम निघालं. मी एकटीच गेले. काठी होती. तिच्यावर कुणी नव्हतं. बिळाच्या तोंडातून लाल मुंग्यांची रांग आत जात होती आणि दुसरी रांग बाहेर येत होती.

तिथं रोज यादम्मा असते. साठीची बाई, दोन म्हशी चारते आणि काठाचं गवत कापते. मला ती बिड्डा म्हणते, म्हणजे लेकरू. माझं तेलुगू ऐकवत नाही म्हणून माझ्याशी दखनीत, इथल्या उर्दूत, बोलते. ती वरून माझ्याकडे बघत होती.

“मर गए बच्चे,” ती म्हणाली.

“साप आला होता?”

“साप कायकू आता? भूक खाई.” विळा टेकवून ती खाली बसली. “तुम लोगां सामने बैठ के देखते. वो देखने वाले के सामने घर में नै जाती. अपना घर दिखा देती क्या किसी को? मुंह में कीड़ा पकड़ के बैठती. तुम उठे तो जाती. तुम उठतेच नै.”

मला काहीतरी बोलायचं होतं. जे सुचलं ते लाज वाटण्यासारखं होतं. “मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुम पूछेच नै.” ती मला लागावं म्हणून बोलत नव्हती. “इत्ते बड़े बड़े कैमरे हाथ में. मैं समझी, तुमकू सब दिखता.”

त्या संध्याकाळी मी मिलिंददादाच्या घरी गेले आणि त्याला पहिल्या दिवसाचे सगळे फोटो दाखवायला सांगितले. एक नव्हे, सगळे. शेकडो होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ होती. पहिल्यात सात वाजून दहा मिनिटं. आम्ही एकेक पुढे ढकलत गेलो. मान डावीकडे, मान उजवीकडे, गिरकी, परत काठी. चतुर तोच. त्याचा एक पंख दुमडलेला होता त्यावरून ओळखू येत होता. शेवटच्या फोटोत सात वाजून छत्तीस मिनिटं झाली होती आणि तो पंख गळून गेला होता. माझ्या पत्रकावरचा फोटो सात बावीसचा. सव्वीस मिनिटं ती काठीवर आम्ही उठायची वाट बघत होती, आणि आत हातभर अंतरावर पिल्लं. आम्हाला वाटलं, पोज देते.

मिलिंददादानं लॅपटॉप मिटला नाही. तो शेवटचा फोटो त्यानं मोठा करून पाहिला. मग म्हणाला, “पण आपण तिला हातसुद्धा लावला नाही गं.”

मला भांडता आलं असतं. भांडण मला येतं. पण त्याच्याशी भांडून काय करणार? त्यानं माझ्या सांगण्यावरून कॅमेरा आणला होता. फोटोखाली माझे शब्द होते, ‘या जिवांना वाचवा!’ आणि पुढे ते माझं लाडकं अक्षर.

तेव्हापासून मला कुठलाही देखणा फोटो नीट बघता येत नाही. चोची वासून बसलेली पिल्लं दिसली की मी घरट्याभोवतीची कापलेली डहाळी शोधते. भर उन्हात डोळे वटारून बघणारं घुबड दिसलं की वाटतं, याला कुणी उठवलं? पाण्यावर झेपावणारा खंड्या दिसला की पाण्यात बुडवलेला काचेचा डबा आणि त्यात सोडलेले मासे आठवतात. हेही करतात, मिलिंददादानंच सांगितलं. फोटोत पक्षी दिसतो, मला फोटोबाहेर बसलेले आम्ही दिसतो. लेन्स किती लांबीची, पिसं किती स्वच्छ, मागचा रंग कसा, यातलं काहीच महत्त्वाचं नाही असं म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. कारण तो फोटो नसता तर काठ उरला नसता. काठ उरला म्हणून यंदा पुन्हा बिळं आहेत. फोटो निव्वळ वाईट असता तर किती सोपं झालं असतं. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं.

यंदा काम परत निघालं आहे. काठाच्या पलीकडे दगडांचे ढीग येऊन पडलेत. सोमवारी महापालिकेच्या कार्यालयात बैठक होती, आणि आधीच निरोप आला होता की गेल्या वर्षीचा फोटो चालणार नाही, यंदाही तिथं पक्षी आहेत याचा पुरावा आणा. म्हणजे ताजा फोटो आणायचा किंवा काठ सोडायचा. फोटोसाठी समोर बसायचं, आणि समोर बसलं की काय होतं ते मला माहीत होतं.

शनिवारी मी मिलिंददादाला फोन केला. “काठी नको.”

“बरं, काठीशिवाय. लांबून काढतो.”

“लांबूनही बीळ दिसेल अशा जागी बसायचं नाही.”

“मग फोटो कसा येईल?”

“नाही येणार.”

मागे त्याच्याकडे कुकरच्या शिट्या होत होत्या. “रेवती, ही पिल्लं जगली आणि काठ गेला, तर पुढच्या वर्षी बिळंच नसतील. मग तुझं तत्त्व घेऊन काय चाटायचं?”

तो बरोबर असू शकतो, ही गोष्ट मी रोज उशाला घेऊन झोपते.

बाबांनी नव्या पत्रकाचा कच्चा कागद चष्मा वर सरकवून वाचला. “फोटो नाही?”

“नाही.”

“मग कोण घेईल?”

“तुमच्या पत्रकांत कुठे असायचे?”

“म्हणून तर लोक शेंगदाण्याच्या पुड्या बांधायचे त्यात,” बाबा म्हणाले आणि हसले. मग कागदाची घडी घालता घालता म्हणाले, “एकदा टाकला होता. पाण्याच्या पत्रकावर. नळाशी एक बाई होती, फाटक्या पदराची, गढूळ हंडा धरून. फार बोलका फोटो. त्या नळाला पंधरा दिवसांत चांगलं पाणी आलं. बाई मात्र त्या नळावर परत आली नाही. सगळ्या गल्लीनं तिचा फाटका पदर पाहिला होता ना. लांबच्या नळावरून पाणी न्यायची.”

“तिला विचारलं नव्हतं?”

“तेव्हा सुचलं नाही,” बाबा म्हणाले. “आपण तिच्याच भल्याचं करत होतो.”

हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी तलावावर गेले. मोबाइल हातात होता. तारेवर ती बसली होती, चोचीत एक मधमाशी घेऊन, आणि माझ्याकडे बघत होती. धुरकट, हलका फोटो आला असता तरी पुरावा झाला असता. एक मिनिटाचं काम. मी हात वर केला आणि फोटो न काढता खाली घेतला. मग तिथून चालत वर यादम्माकडे गेले, जिथून बिळं दिसत नाहीत, आणि काठाकडे पाठ करून बसले.

“यादम्मा, ती इथं आहे, पिल्लं आहेत, हे तू रोज बघतेस ना?”

“हौ. मेरे सामने सब करते वो. मैं घास देखती, वो मेरेकू देखते.”

“उद्या बैठकीत येऊन हे सांगशील?”

ती हसली. “मेरे भैंसां कौन देखता? तुम्हारा मिलिंद?”

“मी.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कभी देखे क्या भैंस?”

“फोटोत,” मी म्हटलं, आणि ती इतकी हसली की काळ्या म्हशीनं मान वर केली.

सोमवारी बाबा तिला रिक्षानं घेऊन गेले. मी त्या बैठकीसाठी आठवडाभर भाषण तयार केलं होतं, ते खिशात तसंच राहिलं. मी दोन म्हशींबरोबर उन्हात उभी होते. त्यांनी मला काहीही किंमत दिली नाही. अकराला त्या पाण्यात उतरल्या आणि फक्त नाकपुड्या वर ठेवून बसल्या. दगडांच्या ढिगांवर ऊन चमकत होतं. मागे अधूनमधून राघूंची बारीक किरकिर यायची आणि थांबायची. थांबली की मी समजायचे, आत गेली. खरंच गेली की नाही, ठाऊक नाही. एवढं न बघता बसायची मला सवय नव्हती. मानेला रग लागली.

एक वाजून गेल्यावर रिक्षा आली. बाबा आतच बसून राहिले, फार दमलेले दिसत होते. यादम्मा उतरली, म्हशी मोजल्यासारखं करून बघितल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

“काय म्हणाले?”

“बोले, फोटो है क्या?”

“मग?”

“मैं बोली, फोटो नै, मैं है. तुम आओ, पंद्रह दिन मेरे साथ घास काटो, दिख जाते पक्षी.”

“मग काय म्हणाले?”

“हसे सब.” तिनं झाडाखालचा विळा उचलला, धार अंगठ्यानं पाहिली. “एक नै हसा. कोने में बैठा था, चश्मे वाला. बाहर आ के पूछा, कब आऊं?”

“आणि तू?”

“मैं बोली, कल सुबे आओ,” यादम्मा खाली वाकत म्हणाली. “कैमरा नक्को लाओ.”